पौषातली सौंदर्यस्पर्धा

तमाम नागरिकांस या जाहीर निवेदनाद्वारे अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, वणी शहरातील आमच्या गल्लीत, आमच्या व शेजारच्या घरामध्ये जी एक भिंत आहे, तिच्या पलीकडील बाजूस नवरा-बायकोचे परस्परांशी बोलणे बंद झाले असून उभयतांचा सर्व व्यवहार तूर्त त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीमार्फत चालू आहे. वादाचा विषय सदर मुलीचा चेहरा हा आहे. नागरिकांनी घाबरून जाऊ नये. अफवांवर विश्वास ठेवू नये. खात्रीलायक वृत्तासाठी प्रस्तुत निवेदकाकडेच यावे.

हे निवेदन मी खरोखर केलं होतं. जेवणाच्या ताटावर, हातात वरणाची पळी माइकसारखी धरून, बायकोपुढे. ती म्हणाली, "पळी ठेवा, वरण सांडून राह्यलं." पण कान तिचाही भिंतीकडेच होता. भिंत एकेरी विटेची आहे. आम्हाला रेडिओ लागत नाही.

दिवसा मी औषधांचं दुकान चालवतो आणि संध्याकाळी गावात कुठेही माइक दिसला की त्याच्यामागे उभा राहतो. लग्नं, सत्कार, नवरात्रातले गरबे, शोकसभा. माझ्या वाक्यांमध्ये प्रसंगानुसार फार फरक पडत नाही. "शब्द अपुरे पडतात" हे मी सगळीकडे म्हणतो आणि मग पाऊण तास बोलतो.

त्या वर्षी पौषात दोन उत्साही तरुण दुकानात आले. पौषात लग्नं नसतात, मंगल कार्यालय रिकामं पडलेलं असतं, मालक पंखे-खुर्च्यांसकट पडत्या भावात देतो. म्हणून त्यांनी लहान मुलींची सौंदर्यस्पर्धा ठरवली होती. रॅम्प, मेकअप, गाऊन, मुकुट, सगळं नागपूरसारखं. सूत्रसंचालन मी करावं अशी त्यांची इच्छा होती. मी दोन सेकंद विचार केल्याचा अभिनय केला आणि हो म्हटलं. त्यांची पत्रकं काउंटरवर ठेवली. त्यातलं पहिलं पत्रक उचललं ते माझ्या शेजाऱ्यानं.

हा शेजारी कोळशाच्या खदानीत डंपर चालवतो. अंगानं दणकट, आवाजानं त्याहून दणकट. एवढा माणूस, पण शाळेत असताना त्याला एकदा भाषणासाठी स्टेजवर चढवलं, तर "अध्यक्ष महोदय" म्हणून जो थांबला तो गुरुजींनी हात धरून उतरवेपर्यंत थांबलाच. ही गोष्ट त्यानं मला स्वतः सांगितली आहे आणि दर वेळी सांगताना त्याचा आवाज अध्यक्ष महोदयांपाशी बारीक होतो. त्याचं म्हणणं साधं होतं. "भाऊ, माह्यासारखं तिचं होऊ नये. आजकाल डेअरिंग पायजे. लोकायच्या समोर उभं राह्यता आलं पायजे."

आता भिंतीपलीकडून आलेलं, जसं आलं तसं.

"डेअरिंग पायजे तर भाषणात घाला ना तिले. कविता म्हणू द्या. चालून कायले दाखवाचं?"

"चालणं काय गुन्हा हाये?"

"लोकं मार्कं देणार तिच्या तोंडाले. आठ वर्साच्या लेकराच्या तोंडाले!"

"गणिताले नाही देत मार्कं? तिथं तर तिले भोपळा भेटते, तवा तू काही नाही बोलत."

"गणित सुधरते."

यावर पलीकडे शांतता झाली. आमच्याकडे बायकोनं मला खूण केली की पॉइंट वहिनींचा. मीही मान डोलावली. त्याच शांततेतून ते अबोल्याचं प्रकरण सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी दुकानात आल्या. त्या घरी ब्लाउज शिवतात. बोटात अंगुस्तान तसंच होतं. डोकेदुखीची गोळी मागितली, घेतली, पण गेल्या नाहीत.

"भाऊजी, तुम्हीच सांगा त्यायले. तुमचं ऐकतात."

"काय सांगू?"

"मले पाह्याले माहेरी राळेगावले घरं आली होती, एकामागून एक. सगळ्यायनं म्हटलं, जरा चालून दाखव पोरी. नाव सांग, शिक्षण सांग, जरा मागं वळ. एका बाईनं तर चहा पेली, दोन खेप पोहे खाल्ले अन् म्हणे, पोरगी गुणाची हाय, रंग तेवढा... अन् पुढं बोललीच नाही. थे जे बोलली नाही ना भाऊजी, त्याच्यापायी मी दोन वर्सं तोंडाले बेसन फासलं."

मी गोळ्यांच्या पाकिटांशी उगाच चाळा करत राहिलो.

"माही पोट्टी माह्याच वळणावर गेली. रंगही माहाच. पण तिले अजून कोणी थे 'रंग तेवढा' म्हटलं नाही. तिले माहीतच नाही की असं काही म्हणत असतात. थे तिच्या कानावर पडू नये, एवढंच माह्यं म्हणणं हाय. स्टेजवर जाऊन, मार्कं घेऊन पडू नये."

मी म्हटलं, "वहिनी, तुमचं शंभर टक्के बरोबर." संध्याकाळी त्यांचा नवरा आला. त्यालाही मी शंभर टक्के दिले. सूत्रसंचालकाला दोन्हीकडच्या टाळ्या लागतात.

एकदा मात्र मी प्रत्यक्ष उमेदवाराची मुलाखत घेतली. समोरचे दोन दात पडलेले, गुडघ्यावर खपली, हातात अर्धी खाल्लेली लालसर बोरं. विचारलं, "काय बाई, तुले जाचं हाय का स्पर्धेत?"

"काका, थो गाऊन मंग आपल्यालेच भेटते का?"

"नाही. भाड्याचा असते. वापस करा लागते."

"मंग कायले?" म्हणाली, आणि बी थुंकून निघून गेली. या संपूर्ण प्रकरणात मला एवढं संतुलित मत दुसऱ्या कुणाचं आढळलं नाही.

पण मत विचारतंय कोण? तहाच्या वाटाघाटी तिच्यामार्फतच झाल्या, तेही माझ्या कानांदेखत. ती स्वयंपाकघरातून बाहेरच्या ओट्यावर आणि ओट्यावरून स्वयंपाकघरात धावत होती.

"बाबा, आई म्हणते, नेऊन घाला. पण तोंडाले काही लावाचं नाही. जशी हाय तशीच जाणार."

"आईले सांग, मंजूर."

"आई, बाबा म्हणते मंजूर."

"त्यायले म्हण, मंजूर म्हणायले तुम्ही तहसीलदार हाय का? शब्द द्या म्हण."

"बाबा, शब्द द्या."

"देल्ला म्हण!"

त्यानंतर गल्लीनं जे पाहिलं ते तिकीट लावून दाखवण्यासारखं होतं. बापानं मोबाइलवर रॅम्पची चाल पाहून पाठ केली होती आणि रोज ड्युटीवरून आल्यावर, आंघोळ करून, लुंगीवर, तो ती लेकीला शिकवायचा. एक हात कमरेवर. पाऊल पावलापुढे. टोकाला गेल्यावर थांबायचं, मान तिरपी करायची, हसायचं, वळायचं. लुंगी वळायला थोडा जास्त वेळ घ्यायची. मागून मुलगी तेच करत यायची, पण मध्येच लंगडीवर जायची. शेजारपाजारचे सगळे ओट्यांवर. कोपऱ्यावरची आजी म्हणाली, "बाप्पा, हाच उभा राह्यला तर पह्यला येईन!" आतून शिलाई मशीन दर वेळी जरा जास्तच जोरात चालायची. इंग्रजीचं एक वाक्यही तो पाठ करून घेत होता, "गुड इव्हनिंग, माय नेम इज" पासून सुरू होणारं. आश्चर्य म्हणजे तो स्वतः त्यात एकदाही अडखळला नाही.

स्पर्धेच्या संध्याकाळी मी ठेवणीतलं जॅकेट घातलं. मंगल कार्यालयात नवरा-नवरीच्या लाल खुर्च्या एका अंगाला सरकवून त्यांच्यावर चादर टाकली होती. परीक्षक तिघं: एक फोटो स्टुडिओवाले, एक डॉक्टरीणबाई आणि नागपूरहून आलेला एक नृत्यशिक्षक, जो हॉलमध्येसुद्धा काळा चष्मा लावून होता. मुलींच्या मेकअपसाठी आतली खोली दिली होती. दारावर "वधूपक्ष" ही पाटी तशीच.

आणि इथे त्या नवरा-बायकोच्या तत्त्वांनी मिळून एक गंमत केली. खोलीत पुरुषांना मनाई होती, त्यामुळे बाप दारातच अडला. आई स्पर्धेला आली होती, पण तिनं नवऱ्याला मुलीमार्फत कळवलं होतं की मी येईन, शेवटच्या रांगेत बसेन, पण त्या खोलीत पाय ठेवणार नाही. ती शब्दाची पक्की. त्यामुळे "तोंडाले काही लावाचं नाही" ही अट दाराबाहेरच राहिली आणि मुलगी एकटीच आत गेली.

आत चंद्रपूरहून बोलावलेल्या ब्यूटीशियनबाई होत्या. हात वेगवान, स्वभाव प्रेमळ, आणि लावायच्या रंगाची डबी एकच. पोर कोणाची, कशी, हे न पाहता त्यांनी सगळ्यांना तीच लावली. केस तापल्या मशीनीनं कुरळे केले. गाऊन सगळे एकाच दुकानातून भाड्यानं आणलेले, गुलाबी. मी मुलींची यादी घ्यायला दारापर्यंत गेलो तेव्हा त्या ओळीनं उभ्या होत्या आणि सगळ्यांना एकच चेहरा होता. पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखा. कान मात्र जिचे तिचे राहिले होते. मी शेजारची पोर शोधून काढली ती पडलेल्या दातांवरून, आणि तेसुद्धा तिनं माझ्याकडे पाहून जीभ दाखवली म्हणून.

"काका, खाजून राह्यलं," ती म्हणाली. मी म्हटलं, थोडा वेळ कळ काढ. आणि माइककडे गेलो.

संगीत सुरू झालं. मी "शब्द अपुरे पडतात" म्हणालो. मुली एकामागून एक चालत आल्या, रॅम्पच्या टोकाला वळल्या आणि मागे ओळ करून उभ्या राहिल्या. नंबराचे बिल्ले होते, पण संयोजकांनी ऐनवेळी वरून जरीच्या पट्ट्या घातल्यानं ते झाकले गेले होते. स्टेजवरून हॉल फार छान दिसतो. बसणाऱ्यांना वाटतं ते पाहतायत. खरा खेळ आम्हालाच दिसतो.

पहिल्या रांगेत मध्यभागी बाप. मोबाइल दोन्ही हातांनी धरलेला, डंपरचं स्टिअरिंग धरावं तसा. आणि तो जिचा व्हिडिओ काढत होता, ती त्याची मुलगी नव्हती.

त्याची मुलगी डावीकडून तिसरी होती. त्यानं धरली होती सहावी. उंची सारखी, गाऊन सारखा, गाल सारखे. मोबाइलच्या मागून तो तिला खुणा करत होता: मान तिरपी कर, हास, हात कमरेवर. ती पोरगी मोठी गुणी. समोरचा सांगेल ते करत होती. तिनं तर हवेत पापासुद्धा फेकला. तिचा खरा बाप शेजारच्याच खुर्चीत होता. तो आधी चमकला, मग खुशीत येऊन सरकून बसला, म्हणजे शेजाऱ्याला नीट काढता यावं.

मी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. वहिनी उभ्या राहिल्या होत्या. त्या बरोबर तिसरीकडेच पाहत होत्या. लेकीच्या तोंडावर काय लावलंय ते त्यांना तिथूनही दिसलं असणार, कारण त्यांनी पदराचं टोक ओलं करायला तोंडाशी नेलं होतं, आणि तशाच त्या खुर्च्यांमधल्या वाटेनं पुढे येऊ लागल्या. अर्ध्यावर आल्यावर त्यांना नवऱ्याच्या मोबाइलचा पडदा दिसला आणि त्या तिथेच थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता की हसू, हे मला सांगता येणार नाही. त्यांनाही तेव्हा सांगता आलं नसतं.

आता स्वपरिचयाची फेरी. पहिलीनं नाव, शाळा, छंद सांगितले. दुसरीनं नाव सांगितलं आणि रडली. टाळ्या. मग मी तिसरीच्या हातात माइक दिला.

तिनं तो दोन्ही हातांत घट्ट धरला. गुड इव्हनिंग आलं नाही. ती आईकडे पाहत नव्हती, परीक्षकांकडे नव्हती, माझ्याकडे नव्हती. पहिल्या रांगेत जो मोबाइल होता त्याच्याकडे पाहत होती, आणि तो मोबाइल तिच्याकडे नव्हता. नृत्यशिक्षकानं चष्मा वर केला. मला वाटलं, बापाचं अध्यक्ष महोदयच हिला नडलं. आणि वाटेत उभ्या असलेल्या आईला काय वाटलं असेल ते तिच्या मुठीतल्या पदरावरून कळत होतं.

मी हळूच म्हटलं, "बोल ना बेटा. नाव सांग."

पोरीनं गालावर नखानं एकदा करकर खाजवलं, पांढऱ्यातून खालचा रंग रेघेसारखा उमटला, आणि माइक ओठाला लावून ती सगळ्या मंगल कार्यालयाला ऐकू जाईल अशी ओरडली, "बाबा! तुम्ही खदानीतून तोंड काळंठिक्कर करून येता, तरी मी कधी दुसऱ्याले बाबा म्हटलं का?"