आबांचा फेटा आणि गुळावर शिकलेल्या खारी

उडत्या खारींना एका ठरावीक जागी शू करायला शिकवता येतं, असं मी आमच्या आबांना एकदा छातीठोकपणे सांगितलं होतं. त्यानंतर मी छातीठोकपणे काहीही सांगितलेलं नाही.

त्याचं असं झालं. माझा मेव्हणा, म्हणजे बायकोचा भाऊ, तेव्हा बंगळूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. त्या दसऱ्याला बहिणीला साडी आणायची सोडून त्याने आणला एक पिंजरा. पिंजऱ्यात कापडाची एक छोटी पिशवी टांगलेली आणि पिशवीत ही दोन जनावरं. मुठीत मावतील एवढी, डोळे बटणासारखे, आणि पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत कातडीचा पडदा. कपाटावरून उडी मारली, की तो पडदा पसरून थेट समोरच्याच्या अंगावर. मूळ गाव ऑस्ट्रेलिया. दिवसभर पिशवीत झोपायचं आणि दिवेलागणीला उठायचं, हा त्यांचा दिनक्रम. (आमच्या आळीत असे काही लोकही होते, पण त्यांना कोणी पिंजऱ्यात ठेवत नव्हतं.)

"वटवाघळं हाईत व्हय गं ही?" आईने विचारलं.

"न्हाय आत्या, खारी हाईत. उडत्या," माझी बायको सुनंदा सासूला म्हणाली. तिने त्यांची नावंही ठेवून टाकली होती, चिंगी आणि बाळ्या.

"खार हाय तर झाडावर ऱ्हावं की. आमच्या कपाटावर काय काम तिचं?" हे आबा.

आबा म्हणजे माझे वडील, गुळाचे व्यापारी. मार्केट यार्डात खरेदीला गेले, की प्रत्येक ढिगातल्या रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, तुकडा काढायचा, बोटांत चुरायचा, जिभेवर ठेवायचा आणि उरलेला बंडीच्या खिशात टाकायचा, अशी त्यांची जन्माची सवय. त्यामुळे आबा आले, हे आम्हाला आधी वासावरून कळायचं. चिंगी-बाळ्यालाही ते पहिल्याच संध्याकाळी कळलं. आबा जेवायला बसले होते. कपाटावरून दोघं सुटली, आबांच्या खांद्यांवर उतरली, खिसा हुंगला, आणि आनंदाच्या भरात बंडीवरच मोकळी झाली.

आबांनी घास खाली ठेवला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू बोलले.

"दिवाळीच्या पाडव्यापतूर ह्यास्नी एका जागी कराय शिकवा. न्हाय जमलं, तर दुसऱ्या दिशी मी सोता पन्हाळ्याच्या झाडीत सोडून येणार."

सुनंदाने मला आतल्या खोलीत नेऊन स्वच्छ सांगितलं. "माझ्या म्हायेरचं देणं हाय ते. ती पन्हाळ्याला गेली, की मागनं मी म्हायेराला जाणार. मग बसा बापलेक एकमेकांच्या बंड्या धूत."

म्हणजे एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला बायको, आणि माझा सगळा संसार दोन खारींच्या शेंगदाण्याएवढ्या मूत्राशयावर टांगलेला. अशा वेळी माणूस छाती ठोकतो. मी बाहेर जाऊन आबांना म्हणालो, "शिकवतो की. त्यात काय अवघड हाय?"

मग मेव्हण्याला फोन केला.

"सोपं हाय दाजी. उठल्या उठल्या त्यांना लागते. पिशवीतनं काढा, ट्रेमधी ठेवा, झालं की कायतरी गोड द्या. सफरचंदाची फोड वगैरे."

आता, गुळाच्या व्यापाऱ्याच्या घरात खारींसाठी सफरचंद आणलं असतं, तर खारींच्या आधी मीच पन्हाळ्याला गेलो असतो. घरात गुळाचे रवे भिंतीला टेकून उभे. मी सुरीने गुळाचा कणीएवढा तुकडा काढला आणि शिकवणी सुरू केली.

आणि काय सांगू, दोघं हुशार निघाली! संध्याकाळी उठली, की ट्रेमध्ये ठेवायचं, वर्तमानपत्राचा कागद भिजला, की हातावर गूळ. आठवडाभरात ती आपणहून ट्रेकडे धावायला लागली. काम झालं, की मागच्या पायांवर उभं राहून पुढचे दोन्ही गुलाबी हात पसरायची. मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. एकजण म्हणाला, "माझ्या पोरालाबी शिकवशील का?" मी विचार करून सांगतो म्हणालो.

मग सुनंदाच्या एक गोष्ट लक्षात आली.

"अहो, ही हप्त्यानं कराय लागलीत की."

"म्हंजे?"

"बघा तरी."

मी बघितलं. बाळ्याने ट्रेमध्ये एक थेंब टाकला आणि हात पसरले. गूळ मिळाला. तो खाल्ला, वळला, आणखी एक थेंब टाकला, पुन्हा हात पसरले. चिंगी तर थेंब टाकायच्या आधीच हात पुढे करून उचल मागत होती. सगळं एकदम करून टाकण्यात नुकसान आहे, हे त्यांना कळलं होतं.

पुढचा धडा त्यांनी स्वतःच शिकून घेतला. दिवाळीच्या आधी आई अनारशांसाठी गूळ फोडत होती. वासावर दोघं ओट्यावर उतरली, आईच्या हाताशेजारी एकेक थेंब टाकला आणि ओळीत उभी राहिली.

"अगं बया, मजुरी मागायल्यात," आई म्हणाली आणि तिने दिली.

"आई, देऊ नगंस. ट्रेमधी केलं तरच द्यायचं!"

"कुणी हात पसरल्यावर न्हाय कसं म्हणायचं रं? दिवाळी हाय."

झालं. ट्रे ही त्यांच्या दृष्टीने निव्वळ एक अफवा ठरली. खरा नियम एवढाच, की जिथे गूळ दिसेल तिथे आपलं काम करावं आणि हात पसरावेत. मी त्यांना शू कुठे करायची ते शिकवायला गेलो होतो, आणि शिकवलं मात्र गूळ दिसला की शू करायची. सुदैवाने आबा दिवसभर यार्डात आणि संध्याकाळी घरी आले, की मी खारी घेऊन माळ्यावर. "कसं चाललंय शिक्षाण?" आबा खालून विचारायचे. "परीक्षेला बसाय तयार हाईत," मी वरून ओरडायचो.

आणि पाडवा उजाडला.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे गुळाच्या हंगामाचे मुहूर्ताचे सौदे निघतात. त्या दिवशी सगळा यार्ड नटून येतो. आबांचा फेटा गल्लीतल्या जाणत्या माणसाकडून आदल्या संध्याकाळीच बांधून घेतलेला असायचा आणि रात्रभर कपाटावर पालथ्या घागरीवर बसवलेला असायचा. सुनंदाने दिवाळीच्या सफाईत खारींची झोपायची पिशवी धुवून वाळत टाकली होती. पहाटे अभ्यंगस्नानाच्या गडबडीत ती मला म्हणाली, "पिंजऱ्याची कडी लावा." मी लावली. कडी लावण्याआधी आत कोण आहे ते बघायचं असतं, हे तिने सांगितलं नव्हतं.

आईने आबांना ओवाळलं. आबांनी फेटा दोन्ही हातांनी उचलून डोक्यावर ठेवला. "यंदा जरा जड बांधलाय," एवढंच म्हणाले आणि माझ्या स्कूटरवर मागे बसले.

यार्डात गुलाबपाणी उडत होतं, पेढे वाटले जात होते. नव्या गुळाचे रवे डोंगरासारखे रचलेले, आणि हवाच अशी गोड की श्वास घेतला तरी तोंड धुवावं लागावं. पहिल्या ढिगापाशी व्यापारी गोळा झाले. समोर आण्णाप्पा शेट. हे सीमाभागातले बडे खरेदीदार आणि आबांचे जुने प्रतिस्पर्धी. दरवर्षी ठरलेलं असायचं. पहिल्या सौद्यात बोट वर करून आबा भाव थोडा चढवायचे आणि अलगद बाजूला व्हायचे. मुहूर्ताचा मान महागात पडतो, तो आण्णाप्पांनी घ्यावा, हे आबांचं धोरण.

पुकारा सुरू झाला. आबांनी बोट वर केलं. आण्णाप्पांनी केलं. आबा नेहमीप्रमाणे हात मागे बांधून उभे राहिले. तेवढ्यात त्यांच्या कपाळावरून एक थेंब ओघळला. आबांनी बोट वर नेऊन तो टिपला.

"आबा चढले!" पुकारणारा ओरडला.

आबा दचकले. आण्णाप्पाही दचकले, पण त्यांनी इरेला पेटून बोट वर केलं. दुसरा थेंब. आबांचं बोट पुन्हा कपाळाला.

"आबा आणखी चढले!"

"कोण गुलाबपाणी उडवायलंय रं सारखं?" आबा दातओठ खात माझ्याकडे वळले. आणि मला फेट्याच्या पिळातून बाहेर आलेली राखाडी शेपटी दिसली. एवढ्या गुळाच्या वासाने दोघं जागी झाली होती. समोर गुळाचे डोंगर दिसत होते. ती बिचारी शिकवल्याप्रमाणे हप्त्या-हप्त्याने काम करत होती, आणि गूळ काही मिळत नव्हता, म्हणून आणखी कसून करत होती!

"आबा, फेटा..." मी कुजबुजलो.

"गप."

"आबा, फेट्यात..."

"सौदा चाललाय न्हवं? गप उभा ऱ्हा."

पाडव्याला भर यार्डात बापाच्या डोक्यावरच्या फेट्याला हात घालणारा मुलगा कोल्हापुरात अजून जन्मायचा आहे. आबा टिपत राहिले, भाव चढत राहिला, मागे शेतकरी शिट्ट्या मारायला लागले. शेवटी आण्णाप्पांनी कपाळावर हात मारला.

"यप्पा! घ्या आबासाहेब, तुम्हीच घ्या. यंदा तुमच्या अंगात आलंय."

एवढा भाव मुहूर्ताला कधी निघाला नव्हता, असं लोक म्हणू लागले. ज्याचा गूळ होता, त्या शेतकऱ्याने आबांना मिठीच मारली. हार घातला, गुळाचा खडा त्यांच्या हातात दिला. "तोंड गोड करा मालक." आबांनी मनातल्या मनात नुकसान मोजत खडा तोंडाकडे नेला. तो तोंडापर्यंत पोचलाच नाही. फेट्यातून दोन गुलाबी हात खाली आले, खडा उचलला आणि पुन्हा पिळात गेले.

हे फक्त मी बघितलं आणि आण्णाप्पांनी.

"आबासाहेब," आण्णाप्पा जपून म्हणाले, "तुमचा फेटा गूळ खायलाय."

आबांचा हात हवेत तसाच राहिला. क्षणभर त्यांनी डोळे मिटले. मग मान ताठ करून म्हणाले, "खाणारच की. मुहूर्त आमचा हाय."

येताना स्कूटरवर मी घाबरत घाबरत म्हणालो, "आबा, मी सांगणारच हुतो..."

"हळू चालीव," मागून आवाज आला. "खड्ड्यात पडतील ती."

घरी सुनंदा रिकाम्या पिंजऱ्यापाशी डोळे पुसत बसली होती. तिने आबांना बघितलं आणि तिचा धीर सुटला. "सोडून आलासा व्हय पन्हाळ्याला? आजचा दिस तरी थांबायचं हुतं की."

आबांनी फेटा काढून तिच्या पुढ्यात ठेवला. आत चिंगी आणि बाळ्या एकमेकांच्या कुशीत झोपली होती, तोंडं गुळाने चिकट. सुनंदा रडता रडता हसायला लागली.

"ऱ्हाऊ द्यात," आबा म्हणाले. "यार्डात शेतकऱ्यांनी मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलंतं. ते ह्यांच्यामुळं." मग माझ्याकडे वळले. "आनि तू. इतकी वर्सं सौद्याला येतोस, कधी बोट तरी वर केलंस का? ह्यांनी एका दिवसात यार्ड हालवला."

तो महागडा गूळ विकला गेला नाही. खारी आणि आम्ही मिळून तो संक्रांतीनंतरही खात होतो. आबा रोज संध्याकाळी बंडीच्या खिशातून एकेक कण काढून दोघांच्या हातांवर ठेवायचे, काम कुठेही केलेलं असो.

ती कुठेही केलेली कामं पुसायचं काम माझ्याकडे आलं. ते मी रोज वेळेवर, एकही हप्ता न चुकवता केलं. एकदा सगळं पुसून झाल्यावर मी आबांसमोर गमतीने दोन्ही हात पसरून उभासुद्धा राहिलो.

"हात धुवून ये आदी," आबा म्हणाले. गूळ काही दिला नाही.