केतकीला मी एप्रन दिला

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. पुण्यातल्या सख्ख्या बहिणीला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित सांगता येईल — मध्येच अडखळले तर अडखळू द्या.

इथे अमेरिकेत, फ्रीमाँटमध्ये आमचं अर्धं आयुष्य गेलं. रिटायर झाल्यापासून दर शनिवारी सकाळी मी एका चर्चच्या हॉलमध्ये मोफत धान्यवाटपाला जाते. इथल्या मराठी मंडळात त्याचं कौतुक होतं आणि मला ते आवडतं, हेही सांगून टाकते. नव्या स्वयंसेवकांना शिकवायचं काम माझ्याकडे. भूक म्हणजे नुसतं रिकामं ताट नव्हे, असं मी त्यांना सांगते. पुढच्या आठवड्यात काय शिजेल याची खात्री नसणं, दुधात पाणी घालून ते पुरवणं, मुलांना वाढून झाल्यावर 'मला भूकच नाही' म्हणणारी आई — हे सगळं त्यात येतं. या देशात ही माणसं नीटनेटक्या कपड्यांत, गाडीतून येतात, म्हणून ओळखू येत नाहीत. छान सांगते मी. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात.

एकदा आमच्या मॅनेजर बाईंनी विचारलं, तुमच्या लोकांसाठी तूरडाळ, कणीक ठेवायची का? तुमच्या भाषेत पाटी लावायची का? मी म्हणाले, नको. आमच्यात कुणाला गरज पडत नाही. — मला कुणी नेमलं होतं सगळ्यांच्या वतीनं उत्तर द्यायला?

आणि मग केतकी आली. नागपूरची, आमच्या मंडळातली, एका मुलीची आई. नवऱ्याची नोकरी गेल्याची कुजबुज कानावर होती; तिच्या व्हिसावर तिला काम करता येत नव्हतं. रांगेत उभी होती — जॅकेटची टोपी कपाळावर ओढलेली, बगलेत घडी घातलेल्या दोन पिशव्या. मी बाहेर आले आणि नजरानजर झाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"काकू, मी पण व्हॉलंटिअर करायला आले," ती म्हणाली.

पिशव्या मला दिसल्या होत्या. स्पष्ट दिसल्या होत्या. आणि मी काय केलं? "वा, बरं झालं, ये आत," म्हणून तिला रांगेतून बाहेर काढलं, एप्रन दिला, हातमोजे दिले. नव्या माणसाला सांगायचं ते सगळं तिलाही सांगितलं — ती दुधात पाणी घालणारी आईसुद्धा. ती मान हलवत राहिली. मग दुपारपर्यंत तिनं दुसऱ्यांच्या पिशव्या भरल्या, आणि स्वतःच्या रिकाम्या घेऊन घरी गेली.

भीड भिकेची बहीण म्हणतात. पण ती भीड तिची होती. माझी काय होती? स्वयंसेवकांनाही धान्य नेता येतं, तसा नियमच आहे. "अगं, सगळेच नेतात, तूही ने" — एवढं एक वाक्य. ते माझ्या जिभेवर आलं होतं. मी गिळलं. कारण तिनं एक पिशवी उचलली असती, की मॅनेजर बाईंपुढे मी खोटी पडले असते. आपली माणसं देणाऱ्यांत असतात, घेणाऱ्यांत नाही — मला हे एवढं हवं होतं.

आता तिला येणं भाग पडलं. पुढच्या शनिवारी आली, त्याच्या पुढच्याही. मंडळाच्या कार्यक्रमात मी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. दर खेपेला तिची गालफडं जरा जास्त वर आलेली दिसत. एकदा काळी पडलेली केळी बाजूला काढताना तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "काकू, ही फेकणार का? माझ्या झाडांना खत होईल." तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कसली झाडं? मला माहीत होतं. मी म्हणाले, "नाही गं, ती शेतावर जनावरांना जातात."

हे लिहिताना माझीच मला किळस येते आहे.

शेवटच्या खेपेला ती मुलीला घेऊन आली. सात-आठ वर्षांची असेल. सगळं आवरल्यावर पोरीनं माझा एप्रन ओढला. "आजी, डू वी गेट अ बॅग टू?"

केतकी हसली. "अगं, ते गरज असलेल्यांसाठी असतं," म्हणाली — आणि माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ बघत राहिली. तिनं आणखी काय करायला हवं होतं? माझ्या पाया पडायला हवं होतं?

मीही हसले. मदतनीस मुलांना देतो तो चकचकीत बिल्ला मी पोरीच्या जॅकेटवर लावला आणि तिच्या गालाला हात लावला. गाल गार होता.

त्या दिवशी पिशव्या उरल्या. उरलेल्या दुसऱ्या केंद्रावर पोचवायच्या असतात. मी त्या गाडीत भरून घेतल्या. तांदूळ, दूध, अंडी, सफरचंदं — डिकी गच्च भरली. केतकीची बिल्डिंग वाटेवरच आहे. नेमका तिथेच सिग्नल लाल झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत ती पोर उभी होती. तिनं मला ओळखलं, हात हलवला.

मीही हात हलवला. सिग्नल हिरवा झाला आणि मी गाडी पुढे काढली.