चौथ्या कोठीतला चिन्नोर

तांदळाचा कच्चा दाणा पुढच्या दोन दातांत धरायचा, कट्‌ करून तोडायचा, डोळे मिटून जरा थांबायचं आणि मग निकाल द्यायचा, ही आमच्या घरमालकांची, म्हणजे काकांची, ख्याती. निकाल दोनच. ‘खाऊन टाका’ किंवा ‘राहू द्या’. तिसरा निकाल मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. पौष लागला की नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीतल्या बायका पदराच्या टोकाला मूठभर तांदूळ बांधून त्यांच्या ओट्यावर यायच्या, आणि काकांनी एकदा ‘राहू द्या’ म्हटलं की तो तांदूळ वर्षभर शिजवायची कोणाची हिंमत नसे.

हेच काका कचेरीत हेडक्लार्क होते आणि तिथे म्हणे त्यांनी जन्मात एक निर्णय घेतला नाही. फाईल आली की ‘साहेबांच्या आदेशार्थ’ असं लिहून पुढे सरकवायची. हे मला आमच्या ह्यांनी सांगितलं, कारण हे त्याच कचेरीत होते आणि त्या ओळखीवरच काकांच्या पुढच्या दोन खोल्या आम्हाला भाड्याने मिळाल्या होत्या. ह्यांना कचेरीतले काका ठाऊक, मला घरातले. आमची दोघांची वर्णनं एकमेकांशी कधी जुळली नाहीत.

मी पुण्याची. नवा संसार मांडायला नागपुरात आले तेव्हा आईने सोबत आंबेमोहोर दिला होता. मी तो कौतुकाने काकांना दाखवला. त्यांनी दाणा तोडला, डोळे मिटले आणि म्हणाले, “सूनबाई, हा वासाचा आहे, दमाचा नाही. खाऊन टाका.” मला माहेरच्या माणसांनाच नाव ठेवल्यासारखं झालं. “आमच्याकडे असाच आवडतो,” मी जरा तोऱ्यातच म्हटलं. “मंग तर लवकर खाऊन टाका,” काका म्हणाले आणि पुढच्या बाईच्या पदराकडे वळले. राग आला, पण दोन महिन्यांत त्या तांदळाचा वास उडून गेला, हेही खरं. ते मी त्यांना सांगितलं नाही.

त्यांची स्वतःची रामटेकजवळ चार एकर धानाची जमीन होती. चुलतभाऊ कसायचा, आणि काकांच्या वाट्याचा चिन्नोर तांदूळ दरवर्षी एसटीच्या टपावर बसून नागपुरात यायचा. तो आला की परीक्षेचा दिवस. पितळेच्या लहानशा गंजीत मूठभर तांदूळ शिजायचा आणि काका तो कोराच खायचे. वरण नाही, तूप नाही, मीठसुद्धा नाही. “वरण घातलं का तांदूळ खोटं बोलते,” असं त्यांचं म्हणणं. नवा तांदूळ गिचका होतो, दाण्याला दाणा चिकटतो आणि पोटाला जड पडतो. जुना झाला की शीत न्‌ शीत सुटं होतं आणि आजाऱ्यालासुद्धा पचतं. पण प्रत्येक तांदूळ जुना होण्याच्या लायकीचा नसतो. काही नुसताच म्हातारा होतो. कोणता कसा, ते त्या दाण्याच्या आवाजात कळतं, असं काका सांगायचे. मी पुष्कळ दाणे तोडून पाहिले. मला फक्त दात दुखल्याचं कळलं.

माणसांनाही त्यांनी हीच मोजपट्टी लावलेली. त्यांची एकुलती एक मुलगी शालू. तिला कामठीहून स्थळ आलं तेव्हा काका मुलाशी तासभर बोलले आणि आत येऊन म्हणाले, “पोरगा बरा आहे, पण कच्चा आहे. राहू द्या.” शालूला मुलगा पसंत होता, ती तीन दिवस कोणाशी बोलली नाही. पुढच्या वर्षी तोच मुलगा पुन्हा आला. काका पुन्हा तासभर बोलले आणि या वेळी हो म्हणाले. वैशाखातली तारीख धरली.

मधल्या खोलीत पत्र्याच्या चार कोठ्या होत्या. तांदळात कडुनिंबाचा पाला घातलेला, आणि प्रत्येक कोठीवर काकांच्या कचेरीच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली. पहिल्या तीन चिठ्ठ्यांवर नुसती सालं. चौथीवर लिहिलं होतं, ‘शालूचे लग्न. हात लावू नये.’ शालू मॅट्रिकला होती त्या साली चिन्नोर फार उत्तम उतरला होता, तो काकांनी या कोठीत भरला होता. वर्षातून दोनदा तो सावलीत पसरायचा, कारण उन्हात तांदूळ तडकतो. आणि पुन्हा भरायचा. व्याह्यांच्या पंगतीत हा भात वाढायचा आणि पाहुण्यांनी बोटं चाटायची, हे काकांच्या मनाने चार वर्षांपूर्वीच ठरवलं होतं. गल्लीतल्या प्रत्येकाला त्यांनी हे सांगून ठेवलं होतं. त्यामुळे लग्न शालूचं आणि परीक्षा काकांची, असंच सगळे धरून चालले होते.

आणि या सगळ्यात काकी. बोलायला हळू, पण बोलल्या की नेमकं बोलायच्या. एकदा त्या मला म्हणाल्या, “आमच्या घरी नवा तांदूळ कच्चा असते अन्‌ जुना ठेवाचा असते. पंचवीस वर्स झाले, आमी मधलाच खाऊन राहिलो. गल्लीतल्या साऱ्या बायकायले विचारते हा माणूस, तुमचा तांदूळ कसा आहे म्हणून. मले नाही विचारलं कधी, तुले कोणता खावासा वाटते वं.” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पण मी ते विसरले नाही.

फाल्गुनात काकींना टायफॉइड झाला. तीन आठवडे ताप हटेना. उतरला तेव्हा अंथरुणात काकी अशा उरल्या होत्या की मला बघवत नसे. पोटात काही ठरत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आता औषधापेक्षा अन्नाचं काम आहे, हलकी पेज द्या, घरात सगळ्यांत जुना असेल त्या तांदळाची. तिसऱ्या कोठीतल्या तांदळाची पेज दिली, तीही उलटून पडली. काका मधल्या खोलीत गेले. मागोमाग शालू आणि मी. त्यांनी चौथ्या कोठीवरची चिठ्ठी ओल्या बोटाने भिजवून उकलली, झाकण काढलं, एक दाणा दातात धरून तोडला. “झाला,” ते म्हणाले. “खाऊन टाका.”

“बाबा, तो लग्नाचा आहे,” शालू म्हणाली.

“लग्न तुयं आहे. तांदूळ तुया मायचा आहे.”

पेज घेऊन मीच काकींजवळ बसले. वासावरूनच त्यांनी ओळखलं आणि तोंड फिरवलं. “पोरीच्या लग्नाचा तांदूळ मी एकटी बसून खाऊ काय? नाही खात.” काका दारात उभे होते. ते म्हणाले, “एकटी काहून खाशीन? आजपासून सारे हाच खाऊन राहिलो.” आणि खरोखरच त्या दिवसापासून घरात दुसरा तांदूळ शिजला नाही. काका, शालू, भेटायला आलेले पाहुणे आणि आम्ही दोघं भाडेकरूसुद्धा. आमच्या चुलीवर वेगळा भात लावायला काकांनी मला बंदी केली. रोज दुपारी काकींच्या खाटेजवळ पाटावर बसून आम्ही तो भात खायचो आणि आम्हाला खाताना पाहून काकी खायच्या. पेजेवरून त्या मऊ भातावर आल्या, मऊ भातावरून सुट्या भातावर. इतका सुंदर भात मी आयुष्यात खाल्ला नव्हता आणि प्रत्येक घासाला मला शालूच्या पंगतीची काळजी वाटायची. चैत्र संपेपर्यंत काकी उठून ओट्यावर बसायला लागल्या. कोठीच्या तळाशी तेव्हा कडुनिंबाचा पाला उरला होता.

लग्न ठरल्या दिवशीच झालं. भात त्याच साली आलेल्या तांदळाचा, कारण बाकीच्या कोठ्यांतला जुना पंगतीला पुरण्याएवढा नव्हता. व्हायचा तसाच झाला. वाढप्याच्या पळीतून सुटेना, पानावर गोळाच पडे. व्याह्यांचे मामा पंगतीतून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “तांदळाचे मोठे पारखी म्हणून ऐकलं होतं तुमचं नाव.” वाढणारे जागच्या जागी थांबले. मला वाटलं, संपलं, चार वर्षांची हौस पाण्यात. काका हातात तुपाचं भांडं घेऊन तिथेच उभे होते. म्हणाले, “गिचका झाला खरा. चांगला होता तो संपला. कुठं गेला ते पाहाचं असन तर तिकडे पाहा.” त्यांनी मांडवाकडे बोट केलं. काकी नवं लुगडं नेसून शालूच्या शेजारी बसल्या होत्या, ब्लाउजच्या बाह्या दंडावर सैल लोंबत होत्या, आणि त्या कशाला तरी हसत होत्या. मामांनी पाहिलं. मग पानाकडे वळून त्यांनी निमूटपणे आणखी भात मागितला.

दोन वर्षांनी ह्यांची सोलापूरला बदली झाली. पुढे काका वारले ते मला शालूच्या पत्रातून कळलं, आणि त्या दिवशी मी कोणाचीही पर्वा न करता स्वयंपाकघरात बसून रडले. पण काका म्हटलं की मला आठवते ती आमच्या निघण्याची सकाळ. टांगा दारात उभा होता. काका चिन्नोरची एक पिशवी घेऊन आले आणि माझ्या हातात दिली. मी विचारलं, “काका, खाऊ की राहू देऊ?”

त्यांनी सवयीने पिशवीत हात घातला, दाणा उचलला, दातांपर्यंत नेला. तिथेच थांबले. मग वळून तो दाणा त्यांनी दारात उभ्या असलेल्या काकींच्या हातावर ठेवला.

“तू सांग वं,” ते म्हणाले.

काकींनी दाणा दातात धरला. कट्‌ आवाज झाला. डोळे मात्र त्यांनी मिटले नाहीत, सगळा वेळ काकांकडेच बघत होत्या.

“खाऊन टाक, पोरी,” त्या म्हणाल्या.

सोलापूरला पोचल्यावर सामान सोडायच्या आधी मी स्टोव्ह पेटवला. हे म्हणाले, वरण तरी लाव. मी लावलं नाही.