नऊ महिन्यांची बोटं

मी तोंडाळ बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. धुलाईच्या दुकानात बावीस वर्षं इस्त्री करतेय. तोंडावर मला सगळे इस्त्रीबाई म्हणतात आणि पाठीमागे तापलेली इस्त्री म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. आयुष्यात रागाच्या भरात खूप जणांना नको ते बोलले, त्याने फारसं कुणाचं बिघडलं नाही. जे वाटोळं झालं ते मायेने बोललेल्या दोन वाक्यांनी झालं. ते माझ्या धाकट्या जावेचं झालं, म्हणून तिची गोष्ट मलाच सांगितली पाहिजे.

जाऊ व्हायच्या आधी ती आमच्याच दुकानात रफू करायला आली. असेल बावीस-तेवीसची. कोटाला सिगारेटने पडलेलं भोक असो की कसरीने खाल्लेला स्वेटर, ती आतल्या शिवणीतून त्याच कापडाचे दोरे उपसायची आणि भोक असं विणून काढायची की गिऱ्हाईक कोट उजेडात धरून विचारायचं, कुठे होतं हो ते? आम्ही तिला रफूच म्हणायला लागलो आणि पुढे घरातही तेच नाव चिकटलं.

भर उन्हाळ्यातही तिच्या बाह्या मनगटापर्यंत असायच्या. मला वाटायचं, नखरे. एकदा तिने दिलेल्या काळ्या कोटावर पांढरे पापुद्रे पडलेले मालकांनी पाहिले आणि सगळ्यांसमोर विचारलं, हा कोंडा कुणाचा? पोरीची मान खाली गेली ती वर येईना. जेवणाच्या सुट्टीत मी तिला मागच्या खोलीत नेलं आणि बाह्या वर करायला लावल्या. कोपरापासून खांद्यापर्यंत लालभडक चट्टे, त्यावर खपल्या, मध्येमध्ये रक्त. सोरायसिस आहे, ती म्हणाली, एकोणिसाव्या वर्षापासून, पण तो कुणाला लागत नाही. हे शेवटचं ती इतक्या घाईने म्हणाली की दिवसातून दहा वेळा तिला ते म्हणावं लागत असणार हे मला कळलं. बाहेर येऊन मी सगळ्यांच्या देखत तिच्या पेल्यातलं पाणी प्यायले. मालकांना सांगितलं, कोट झटकायला दुकानात ब्रश आहे, माणसाचा अपमान पुसायला काही नाही. त्या दिवसापासून मी सांगेन ते तिला खरं वाटायला लागलं.

दुकानाची गाडी माझे धाकटे दीर चालवायचे. भावजी स्वभावाने अगदीच गरीब, पण डोळ्यांनी नाही, त्यांनी तिला कधीच हेरून ठेवलं होतं. मी मध्ये पडले आणि लग्न झालं. आमच्याच मजल्यावर शेजारची खोली त्यांनी घेतली. पहिलं वर्षभर तिने नवऱ्यासमोर दिवा लावू दिला नाही, हे तिने मला एकदा हसत हसत सांगितलं. मीही हसले.

मग तोच रोग सांध्यांत उतरला. उजव्या हाताची बोटं सुजून टम्म झाली, सकाळी मूठ वळेना, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडले. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळ्या दिल्या. तीन पिवळ्या गोळ्या, दर सोमवारी. दोन-तीन महिन्यांत बोटं मोकळी झाली, सुई पुन्हा हातात आली. अट एकच होती. त्या गोळ्या चालू असताना दिवस जाता कामा नयेत, पोटातल्या बाळाला त्या बाधतात. मूल हवं असेल तर आधी गोळ्या सोडायच्या, काही महिने थांबायचं आणि मग वाट बघायची.

एकतिसावं लागलं तेव्हा तिने गोळ्या सोडल्या. भावजी म्हणत होते, आपण दोघं आहोत ते काय थोडं आहे. तिला ते पटत नव्हतं. बिचारीने काय काय सोसलं त्या दिवसांत. सकाळी दुकानात आली की माझ्या इस्त्रीच्या वाफेवर बोटं धरून उभी राहायची, दहा-पंधरा मिनिटांनी ती जरा हलायची, मग कामाला बसायची. पाळी आली की माझ्याजवळ येऊन नुसतं म्हणायची, हाही गेला. असे चार महिने गेले. पाचव्याला पाळी चुकली.

आणि तिसऱ्या महिन्यापासून तिचं अंग निवळायला लागलं. मी खोटं सांगत नाही. खपल्या गळाल्या, चट्टे फिके पडले, पाचव्या महिन्यात हात कोपरापर्यंत स्वच्छ. बोटांची सूज गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती अर्ध्या बाह्यांचा झगा घालून दुकानात आली आणि उगीचच सगळ्यांपुढे हात नाचवत बोलत राहिली. मालकही म्हणाले, काय आज एवढी वारा घालतेय?

घरी बसून तिने बाळासाठी बारा झबली शिवली. पाठीला चार-चार बटणं, तीही मसुराएवढी, आणि हाताने घातलेली काजं. मी म्हटलं, अगं बये, बंद लाव, ही बटणं लावता लावता पोर शाळेत जायची. तिने बोटं माझ्या नाकासमोर हलवली आणि म्हणाली, वहिनी, ही बोटं आहेत, तुमच्यासारखे चिमटे नाहीत. एवढी आनंदात मी तिला कधी पाहिली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की रोग गेलेला नाही, दबलाय. बाळंतपणानंतर उसळतो. तीन आठवड्यांत या, अंगावर पाजत असतानाही चालतील अशी औषधं आहेत, उशीर करू नका. कार्डावर तारीखही घातली होती. त्या तारखेला सकाळी ती तान्ह्या मुलीला गुंडाळून निघाली होती. मी दारात आडवी आले. अंग बघ तुझं, म्हटलं, लोण्यासारखं झालंय. कसला रोग आणि कसलं काय. पोटात पोर आली आणि तो पळाला, माझ्याकडून लिहून घे. आता इस्पितळात जाऊन त्याला हाका कशाला मारतेस? आणि ओल्या बाळंतिणीने त्या गर्दीत बसायचं? तिने कार्ड फडताळात ठेवलं. हे माझं पहिलं वाक्य.

सात आठवड्यांनी तो आला. पूर्वी हातापायांवर होता, आता पाठ, पोट, डोकं, छातीसुद्धा. पोर दूध ओढायची तेव्हा रफू उशीचं टोक दातांत धरायची. दोन्ही हातांची बोटं फुगून आखडली. मुलीला ती मनगटांच्या मध्ये धरून उचलायची, गरम पातेलं उचलतात तशी, आणि चार पावलांत खाली ठेवायची. एकदा पोर निसटली. गादीवर पडली म्हणून वाचली, पण त्यानंतर रफूने तिला उभ्याने उचललं नाही. मी दुकानात जायच्या आधी पोरीला न्हाऊ घालायची, झबलं चढवायची, पाठीची चार बटणं लावायची. रफू शेजारी बसून बघायची. बटणं काढून बंद लावते म्हटलं तर नको म्हणाली. आणि मी, मी मूर्खासारखी आणखी दोन महिने म्हणत राहिले की बाळंतपणाचा अशक्तपणा आहे, जाईल.

शेवटी भावजींनीच तिला उचलून गाडीत बसवलं. मी सोबत गेले. हाताचे फोटो काढले. रफू बाहेर बाकावर मुलीला पाजत होती म्हणून डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं. उजव्या हाताची दोन बोटं दाखवली, अंगठ्याशेजारची. सांध्यापाशी हाड खाल्लं गेलंय, म्हणाल्या, ही दोन आता सरळ व्हायची नाहीत, सुई धरता येणार नाही. उरलेली आठ वाचवायची तर आजपासून औषध. मग त्यांनी कार्डावरची जुनी तारीख पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. तिला नीट समजावून सांगा, म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मी बाहेर आले. रफूने विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हटलं, गोळ्या घे, उघडतील सगळी हळूहळू. हे माझं दुसरं वाक्य.

दूध देताना चालेल ते औषध तिच्या आता वाढलेल्या रोगाला पुरलं नाही. महिन्याभरात पुन्हा त्या पिवळ्या गोळ्या आल्या, म्हणजे अंगावरचं दूध बंद. पोर रडली की रफूचा झगा समोरून भिजायचा आणि ती भिंतीकडे तोंड करून बसायची. गोळ्यांचं पाकीट तिला फाडता येत नसे. दर सोमवारी मीच फाडून तिच्या तळहातावर तीन गोळ्या ठेवायची आणि दुकान गाठायची. हळूहळू कातडी निवळली. आठ बोटं मोकळी झाली. दोन तशीच राहिली. दुकानात दुसरी रफूवाली आली. आमची रफू मात्र रोज म्हणायची, एवढी दोन उघडली की येतेच मी.

पोर दहा महिन्यांची झाली. गेल्या महिन्यापासून रफूच्या अंगावर पुन्हा चट्टे दिसायला लागले. औषध लागू पडेनासं झालं की काय, असं मला वाटलं. परवा सोमवारी, गोळ्या द्यायच्या आधी, पोरीच्या झबल्याचं एक बटण लोंबताना दिसलं, म्हणून दोरा घ्यायला मी तिचा सुयांचा डबा उघडला. आत पिवळ्या गोळ्या. मोजल्या. एकवीस. सात सोमवार.

मी डबा तिच्यासमोर आपटला. म्हटलं, मरायचंय का तुला?

ती शांतपणे म्हणाली, "मला परत दिवस जायला हवेत, वहिनी."

मला वाटलं ऐकण्यात काही चुकलं. एक पोर हातात धरता येईना आणि हिला दुसरं हवंय.

"दुसरं नकोय मला," ती म्हणाली. "नऊ महिने हवेत. नऊ महिन्यांत ही बोटं उघडतात. हिला कडेवर घेऊन खाली जाईन. हिची बटणं लावीन. नंतर माझं काय व्हायचं ते होऊ दे. तुम्हीच म्हणाला होता ना, पोटात पोर असली की तो पळतो."

माझेच शब्द. जपून ठेवले होते तिने. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. पण आता गप्प बसले असते तर ही खरोखर गरोदर राहिली असती, उरलेली आठ बोटंही घालवून बसली असती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"ती दोन उघडायची नाहीत, रफू," मी म्हटलं. "हाड खाल्लंय त्याने. दहा पोरं झाली तरी उघडायची नाहीत."

तिने हात मांडीवर ठेवला आणि त्या दोन बोटांकडे बघत राहिली.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"फोटो काढला त्या दिवसापासून."

तिने तो हात दुसऱ्या हाताने झाकला. मग म्हणाली, "तुम्ही जा."

मी उठले. पोर जमिनीवर चमच्याशी खेळत होती. मला दाराकडे जाताना पाहिलं आणि भोकाड पसरून माझ्यामागे रांगत आली. रफूने पुढे वाकून दोन्ही हातांनी तिला ओढलं, छातीशी धरायला गेली. पोर वळवळली, त्या वाकड्या बोटांतून निसटली आणि येऊन माझ्या पायाला बिलगली. मी तशीच उभी राहिले. तिला उचलायची माझी हिंमत होईना.

"घ्या तिला," रफू म्हणाली. "रडतेय ती."

मी पोरीला घेतलं. ती लगेच गप्प झाली. तिच्या पाठीची बटणं अजून उघडीच होती, मी ती लावायला घेतली. रफू माझ्या बोटांकडे बघत होती. चौथं बटण लावून झालं तेव्हा तिने तळहात पुढे केला आणि म्हणाली, "आजच्या तीन द्या."