खिडकीजवळची जागा
जळगाव जामोदच्या स्टँडवर कोणी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, की मला अंदमानची ती बोट आठवते. बाबांनी हौसेनं आम्हा तिघांची सहल ठरवली आणि निघायच्या दीड महिना आधी ते गेले. सहल रद्द करायचं आम्हा मायलेकींना सुचलंच नाही. सकाळी बेटाकडे निघालेल्या बोटीत डिझेलचा आणि खाऱ्या पाण्याचा वास कोंदला होता. उन्हासाठी डोक्याला बांधलेला बाबांचा दुपट्टा आईनं सोडला आणि सवयीनं खिडकीजवळच्या सीटवर टाकला. एसटीत ती नेहमी अशीच जागा धरायची, कारण बस हलेपर्यंत बाबा खाली तंबाखू मळत उभे असायचे. बोट भरली. आमच्याच सहलीतले एक म्हातारे काका दांडी धरून उभे राहिले. गाईडनं विचारलं, "काकू, इथं कोणी आहे का?" "हाव, येऊन राह्यले," आई म्हणाली. गाईडनं माझ्याकडे पाहिलं. मी बुटाची लेस बांधत बसले. बोट सुटली, धक्का पार मागं गेला, तेव्हा आईनं दुपट्ट्याची घडी घातली आणि काकांना म्हणाली, "बसा भाऊ. ते नाई येत आता." बेटावर गाईडनं नारळाची झाडं दाखवली, काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ दाखवलं. पाण्याचा रंग कसा होता, ते आज कोणी विचारलं तर मला सांगता येत नाही. एवढंच आठवतं, की परतताना मी सगळ्यांच्या आधी बोटीत चढले आणि तीन जागा धरल्या.