हिचा हायड्रोजन आणि माझा पाय

पेट्रोल पुन्हा महागलं त्या आठवड्यात आमच्या हिने जाहीर केलं, "अहो, आपल्या गाडीला हायड्रोजन जोडून बघू या."

ही रसायनशास्त्राची शिक्षिका, नुकतीच निवृत्त झालेली. मी विमा कचेरीतून तिच्या आधीच घरी बसलेला. धायरीत आमचा फ्लॅट आणि खाली पार्किंगमध्ये जुनी छोटी गाडी. इंटरनेटवर तेव्हा कुणी ना कुणी गाडी पाण्यावर पळवून दाखवत असे. हिने ते सगळं पाहिलं आणि वहीत स्वतःची आकृती काढली.

पाण्यात स्टीलच्या पट्ट्या बुडवायच्या, त्यांना गाडीच्या बॅटरीचा करंट द्यायचा, आणि सुटणारा वायू नळीने इंजिनात सोडायचा. तेवढं पेट्रोल कमी लागतं, असा दावा. हिने पट्ट्या कापून आणल्या, घरातल्या जुन्या वॉटर फिल्टरचं भांडं घेतलं. मध्ये पाण्याची एक बाटली बसवली, म्हणजे ज्वाळ उलटी फिरलीच तर तिथे विझेल. मी पकड धरून उभा राहायचो. साठीनंतर बायको बॉनेटमध्ये डोकं घालून तारा जोडते आहे, हे बघताना माझी छाती उगाच फुगायची.

गाडीत बसवण्याआधी तिने पार्किंगमध्ये चाचणी घेतली. साबणाच्या पाण्यात नळी धरली, फेस आला, नळी बाजूला केली आणि लांब काठीला बांधलेली पेटती काडी फेसाला लावली. फाट्‌कन आवाज झाला. वरच्या मजल्यावरचे शेजारी गॅलरीत आले.

"वहिनी, दिवाळीला अवकाश आहे अजून."

"हायड्रोजन आहे हा. त्याला तिथी लागत नाही," ही म्हणाली.

माझी बहीण लोणी काळभोरला राहायची. दर रविवारी आम्ही तिच्याकडे जाऊन यायचो. निघताना ठरलेल्या पंपावर टाकी काठोकाठ भरायची, परतताना तिथेच पुन्हा भरायची, की किती जळलं ते कळलं. यंत्र गाडीत बसलं, ते चालू असल्याचा दिवा डॅशबोर्डवर जोडला गेला, आणि पहिल्याच रविवारी नेहमीपेक्षा बरंच कमी पेट्रोल लागलं. पुढचे कितीतरी रविवार तेच. मग काय, मी गल्लीभर सांगत सुटलो. वरच्या शेजाऱ्यांनी त्यांच्या गाडीसाठी तसंच यंत्र मागितलं, आणखी चार-पाच जण तयार झाले. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये हिने सगळ्यांना यंत्र समजावून सांगायचं ठरलं.

आदल्या संध्याकाळी चहा पिताना ही म्हणाली, "एक सांगायचंय. रागावू नका. गेले काही रविवार यंत्र बंद होतं."

"बंद? डॅशबोर्डवरचा दिवा तर लागत होता!"

"दिवा लागत होता. पट्ट्यांकडे जाणारी तार मी काढून ठेवली होती. तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं."

"अगं, पण पेट्रोल तर तेवढंच कमी लागलं!"

"तेच तर. पेट्रोल तुमच्या पायाने वाचवलं. बॉनेटखाली वायू आहे म्हणून तुम्ही इतकी हळुवार गाडी चालवता, की मला झोप लागते. एरवी सिग्नल सुटला रे सुटला की तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबता आणि पुढच्या सिग्नलला ब्रेक मारता."

मग तिने समजावलं. पाणी फोडायला लागणारी वीज शेवटी पेट्रोल जाळूनच तयार होते, आणि वायू जाळून परत मिळतं ते त्याहून कमी. हे तिला पहिल्यापासून वाटत होतं.

"मग एवढा खटाटोप केलास कशाला?"

"पुस्तकात नाही म्हटलंय, म्हणून मीही नाही म्हणायचं? तीस-बत्तीस वर्षं मुलांना सांगत आले, करून बघा. उद्या सगळ्यांना खरं सांगणार आहे. तुमच्या पायाचं सांगू ना?"

"सांग," मी म्हणालो. खरं तर थोडं लाजल्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ती बॉनेट उघडून उभी राहिली. यंत्र चालू करून बुडबुडे दाखवले, तार कशी काढली तेही दाखवलं, आणि शांतपणे सांगितलं की याने पेट्रोल वाचत नाही, गाडी हळुवार चालवल्याने वाचतं. कुणी विकायला आलं तर घेऊ नका, आणि घरी करायला तर मुळीच जाऊ नका, हा वायू स्फोटक आहे.

शेजारी म्हणाले, "म्हणजे वहिनी, मेहनत पाण्यात!"

"हो, आणि पाणी माझ्या हाताने फोडलं," ती म्हणाली. आवाजात जराही ओशाळेपणा नव्हता.

आपण बनवलेली वस्तू चालली नाही, हे आपणच चारचौघांत सिद्ध करून सांगणारी माणसं मी कचेरीत उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. मी मागे गाडीला टेकून उभा होतो. कुणीतरी मला विचारलं, "काका, तुमचा काय सहभाग यात?"

"प्रयोगातला उंदीर," मी म्हणालो. हे सांगताना मला जो अभिमान वाटला, तो बढतीच्या दिवशीही वाटला नव्हता.