चिंधीची भाकरी

दानियल मास्तरांनी मुंबईची कारकुनी सोडून खालापूरच्या डोंगरातल्या कातकरवाडीत मिशनची शाळा धरली. चांगली नोकरी टाकून इथं कोण मरायला येतो? ह्यांना नक्की भाऊबंदांनी वाळीत टाकलंय, असं वाडीनं ठरवूनच टाकलं. म्हणून वाडीतली चिंधी रोज त्यांच्या दारात एक नाचणीची भाकरी ठेवायची. वाडीला काही द्यायला आलेल्या मास्तरांना ती घेताना लाज वाटे.

दिवाळीनंतर अख्खी वाडी कोळसा पाडायला लांबच्या रानात गेली, ती पावसाळ्यापर्यंत. मास्तर रिकाम्या शाळेत स्वतःशीच बोलू लागले.

नाताळला थोरला भाऊ न्यायला आला. "तुझ्या मागचे हेडक्लार्क झाले, दानियल. इथं तुला विचारतं कोण?"

मास्तरांनी गाठोडं बांधलं. तेवढ्यात चिंधी दारात उभी. दोन डोंगर चालून आलेली, कोळशानं काळी.

"मास्तर, तुमाला कुनी नाय. सनाचं उपाशी ऱ्हाल, म्हून आले."

काळ्या बोटांचे ठसे उठलेली ती भाकरी मास्तरांनी प्रार्थना करून मोडली आणि अर्धी भावापुढं धरली. त्यानं हात मागं घेतला.

"दादा, प्रभूच्या पंगतीत धाकटा तोच थोर, हे मी ह्यांना शिकवत होतो रे," मास्तर म्हणाले, "आणि मीच थोर होऊन बसलो होतो."

भाऊ स्टेशनाकडं गेला, चिंधी रानाकडं. मास्तरांनी गाठोडं सोडलं. पावसाला अजून सहा महिने होते.